फोमच्या विमानाचा पंख : बांबू, कार्बन, टेप की कागद?

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात घरच्या घरी फोमचे रिमोट विमान बनवणाऱ्याने पंखाच्या मजबुतीचा विषय काढला की त्याला दोन सल्ले हमखास मिळतात. सरळ कार्बनची (कार्बन फायबरची) नळी मागवा, असे एक जण सांगतो. दुसरा म्हणतो, एवढ्या खर्चाचे काम नाही, पॅकिंग टेप गुंडाळा आणि उडवा. दोन्ही सल्ले काही विमानांना लागू पडतात आणि बाकीच्यांना एक तर पैशांना मुकावे लागते, नाही तर पंखाला. पुढील आढावा साधारण ८० सेंटिमीटर ते दीड मीटर पंखविस्ताराच्या, म्हणजे पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एवढे अंतर असलेल्या, विमानांसाठी आहे. मग ते थर्माकोलचे असो, डेप्रॉन या पातळ फोम शीटचे असो की स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या, दोन्ही बाजूंनी कागद चिकटवलेल्या फोमबोर्डचे. माझे मत आधीच सांगून ठेवतो : कोणते साहित्य वापरले यापेक्षा ते पंखाच्या जाडीत नेमके कुठे बसवले यावर मजबुती जास्त ठरते, आणि हे ध्यानात घेतले तर आपल्याकडे सहज मिळणारा बांबू बहुतेक विमानांना पुरून उरतो.

पंख कुठे खचतो

विमान हवेत असताना त्याचे सगळे वजन पंखांवर टांगलेले असते, त्यामुळे दोन्ही टोके वर उचलली जातात. पंखाची खालची बाजू ताणली जाते आणि वरची बाजू दाबली जाते. ८०० ग्रॅमचे आणि एक मीटर विस्ताराचे विमान उदाहरणादाखल घ्या. सरळ उड्डाणात प्रत्येक बाजूचा पंख ४०० ग्रॅम भार उचलतो आणि तो भार मध्यापासून सुमारे २२ सेंटिमीटरवर एकवटला आहे असे मानता येते, म्हणजे पंखाच्या मुळाशी, तो बॉडीला जोडतो तिथे, जवळपास ९ किलो-सेंटिमीटरचा (किलोतील भार गुणिले सेंटिमीटरमधील अंतर) वाकवणारा जोर येतो. विमान ६० अंश कलवून उंची न सोडता वळवले की हा जोर दुप्पट होतो. सूर मारून खाली आल्यावर एलिव्हेटर (विमानाचे नाक वर-खाली करणारी शेपटीची हलती पट्टी) झटकन ओढला तर तो सहज चौपट होतो, म्हणजे ३५ किलो-सेंटिमीटर. पंखाच्या मुळाशी जाडी दोन सेंटिमीटर असेल, तर त्या क्षणी वरच्या पृष्ठभागावर सुमारे वीस किलोचा दाब येतो आणि खालच्या पृष्ठभागावर तेवढाच ताण. ज्या फोममध्ये अंगठ्याने खड्डा पडतो, तो हा दाब एकट्याने सोसेल ही अपेक्षाच चुकीची आहे.

म्हणून पहिली खूण नेहमी वरच्या बाजूला दिसते. बॉडीपासून दोन-चार बोटांवर, पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेकडे जाणारी एक बारीक सुरकुती पडते. विमान उतरल्यावर पंख परत सरळ होतो, सुरकुती जवळजवळ नाहीशी होते आणि उडवणारा निश्चिंत होतो. पण तिथला फोम चेपलेला असतो आणि पुढच्या ओढीला पंख तिथेच घडी घालतो. विस्तार वाढवताना तर अधिक जपावे लागते, कारण विस्तार दीडपट आणि वजनही दीडपट केले तर मुळाशी येणारा जोर सव्वादोनपट होतो. एक मीटरच्या विमानाला चाललेली काडी दीड मीटरच्या विमानाला तशीच वापरणाऱ्याचा हिशेब इथेच चुकतो.

वाकण्याखेरीज पंखाचे आणखी एक दुखणे म्हणजे पीळ. वेग वाढला की एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेवरच्या हलत्या पट्ट्या) पंखालाच पिळू लागतात, आणि कधी कधी मागची कड थरथरू लागते. पिळाविरुद्ध काम करतो तो पंखाचा बाहेरचा पृष्ठभाग. आत घातलेली गोल काडी त्याला जवळपास काहीच मदत करत नाही. म्हणजे वाकण्याचा इलाज आणि पिळाचा इलाज वेगवेगळा असतो, आणि एकाच्या जागी दुसरा केला की साहित्यालाच दोष दिला जातो.

आकड्यांत तुलना

खालील तक्ता नेहमीच्या साहित्याचा आकार आणि त्याचा स्वाभाविक ताठपणा यांवरून काढलेल्या हिशेबाचा आहे. कार्बनसाठी १२०, अॅल्युमिनियमसाठी ७०, ग्लास फायबरसाठी ४०, चांगल्या वाळलेल्या बांबूसाठी १२ आणि पीव्हीसीसाठी ३ गिगापास्कल (साहित्याचा ताठपणा मोजण्याचे एकक) हे आकडे धरले आहेत. बांबूच्या बाबतीत कामटीगणिक फरक पडतो, म्हणून त्याचा आकडा मुद्दाम हात राखून घेतला आहे. ६ मिलिमीटरच्या कार्बन नळीचा ताठपणा १०० मानला आहे.

| साहित्य आणि जागा | एका मीटरचे वजन | ताठपणा |
|---|---|---|
| कार्बन नळी, बाहेरून ६ व आतून ४ मिमी, जाडीच्या मध्यावर | २४ ग्रॅम | १०० |
| कार्बनची भरीव काडी, ४ मिमी, मध्यावर | २० ग्रॅम | २५ |
| अॅल्युमिनियम नळी, ६ व ४ मिमी, मध्यावर | ४२ ग्रॅम | ६० |
| ग्लास फायबरची भरीव काडी, ६ मिमी, मध्यावर | ५५ ग्रॅम | ४० |
| बांबूची कामटी, ८ × ३ मिमी, उभी (८ मिमीची बाजू पंखाच्या जाडीच्या दिशेने), मध्यावर | १७ ग्रॅम | २५ |
| तीच कामटी आडवी | १७ ग्रॅम | ३ ते ४ |
| बांबूच्या दोन कामट्या, प्रत्येकी ६ × २ मिमी, २० मिमी जाड पंखात एक वर, एक खाली | १७ ग्रॅम | ३८० |
| वीजफिटिंगचा पीव्हीसी पाइप, २० मिमी | १२० ग्रॅम | १८० |

या तक्त्यातील बांबूच्या तीन ओळी सर्वांत महत्त्वाच्या आहेत. तिन्हींमध्ये बांबू तोच, वजनही तेच. पण आडव्या कामटीचा ताठपणा नगण्य, उभीचा बरा, आणि तेवढाच बांबू दोन भागांत चिरून एक भाग पंखाच्या वरच्या व दुसरा खालच्या पृष्ठभागालगत बसवला की तो मध्यावरच्या कार्बन नळीच्या जवळपास चौपट ठरतो. कार्बनलाही हाच नियम लागू आहे. ३ × १ मिलिमीटरच्या दोन कार्बन पट्ट्या वर-खाली बसवल्या, तर अवघ्या ९ ग्रॅममध्ये ताठपणाचा आकडा हजारावर जातो. यात एक अट आहे, ती म्हणजे वरची आणि खालची पट्टी एकमेकींवरून सरकता कामा नये. मधला फोम मऊ असेल तर तो थोडा सरकतोच, म्हणून प्रत्यक्षात मिळणारा ताठपणा कागदावरच्या हिशेबापेक्षा कमी असतो. तो निम्मा मिळाला तरी कार्बन नळीच्या पुढेच राहतो. दोन कामट्यांच्या मध्ये फोमबोर्डची एक उभी पट्टी पंखाच्या आतल्या अर्ध्या भागापुरती चिकटवली, तर हे सरकणे बरेच आटोक्यात येते.

आणखी एक बाब, जिच्याकडे नळी मागवताना लक्ष जात नाही : ४ मिलिमीटरची भरीव कार्बन काडी ६ मिलिमीटरच्या नळीपेक्षा जेमतेम चार ग्रॅमने हलकी असते आणि तिचा ताठपणा मात्र चौथा हिस्साच असतो. ‘भरीव म्हणजे मजबूत’ हा समज इथे उपयोगाचा नाही. पंख अगदी पातळ असेल आणि नळी मावतच नसेल, तरच भरीव काडीचा विचार करावा.

बांबू

सातपुड्याच्या पट्ट्यात, धडगाव-अक्कलकुवा-तळोदा या बाजूला, बांबूची टंचाई नाही, आणि टोपल्या-सुपे विणणाऱ्यांकडे जळगाव-धुळ्याच्या बाजारातही वाळलेला बांबू मिळतो. मानवेल जातीचा बांबू जवळपास भरीव असल्याने त्याच्या कामट्या जाड आणि सरळ निघतात. हिरवा बांबू मात्र कितीही सरळ दिसला तरी घेऊ नये, कारण तो पंखात बसवल्यावर वाळतो, आकसतो आणि पंखाला स्वतःबरोबर ओढतो. बारीक पांढरी पूड पडणारा बांबूही टाकून द्यावा. ती किडीची खूण असते आणि आतून कामटी पोखरलेली असते.

बांबूची सगळी ताकद त्याच्या सालीलगतच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये असते, कारण लांब धागे तिथेच दाट असतात. आतला पांढुरका भाग नुसते वजन वाढवतो. कोयत्याने उभी चीर देऊन कामटी काढावी, आतली बाजू चाकूने खरवडून हवी तेवढी पातळ करावी, आणि साल शाबूत ठेवावी. बसवताना वरच्या कामटीची साल आकाशाकडे आणि खालचीची जमिनीकडे यावी. गाठींजवळ धागे वाकडे होतात आणि कामटी बहुधा तिथेच तुटते. म्हणून वरच्या आणि खालच्या कामटीच्या गाठी एकाखाली एक येणार नाहीत असे पाहावे, आणि कोणतीही गाठ पंखाच्या मुळाशी येऊ देऊ नये.

कामटी तपासण्याची पद्धत पतंग बनवणाऱ्यांची आहे आणि ती इथे जशीच्या तशी लागू पडते. कामटी दोन्ही टोकांना धरून हळूहळू कमान करावी. कमान सगळीकडे सारखी गोलाकार आली तर कामटी चांगली. एखाद्या जागी ती टोकदार झाली तर तिथे कामटी पातळ तरी झाली आहे किंवा चिरली तरी आहे. दोन्ही पंखांच्या कामट्या शेजारी शेजारी धरून सारख्याच वाकतात का हेही पाहावे, कारण एक पंख ताठ आणि दुसरा लवचिक झाला की जोराच्या ओढीत विमान एका अंगावर पडते. वाकडी कामटी गॅसच्या मंद ज्योतीवर शेकत हाताने सरळ करता येते. साल तपकिरी होऊ लागली की थांबावे.

एवढी खटपट हा बांबूचा खरा तोटा आहे. पैसे नगण्य लागतात, पण एका पंखाच्या चार कामट्या नीट तासून जुळवायला निवांत अर्धा दिवस हवा. ज्याला चाकू चालवायचा कंटाळा आहे, त्याने बांबूच्या वाट्याला जाऊ नये. ओबडधोबड कामटी मध्यावर आडवी खुपसलेला पंख म्हणजे वजन वाढवून न वाढवल्यासारखेच आहे.

कार्बन

कार्बनच्या बाजूने बोलताना पहिला मुद्दा एकसारखेपणाचा आहे. नळी पार्सलमधून काढली, मापाने कापली, खाच पाडून चिकटवली की काम झाले. दोन्ही पंख आपोआप सारखे होतात. दुसरा मुद्दा पातळ पंखांचा आहे. ५ मिलिमीटरच्या एकाच डेप्रॉन शीटचा सपाट पंख असेल तर वर-खाली अंतर ठेवायला जागाच नसते, आणि तिथे पातळ कार्बन पट्टी उभी बसवण्यासारखा दुसरा हलका उपाय नाही. तिसरा मुद्दा सुट्या पंखांचा. त्याबद्दल शेवटी लिहिले आहे.

गोल नळीची एक अडचण अशी की फोममध्ये तिची पकड कमी असते. गोंद सुटला की ती आतल्या आत फिरते आणि पंख पिळला जातो. नळीला सॅंडपेपर मारून चकाकी घालवावी आणि मगच गोंद लावावा. कापताना आणि घासताना उडणारी काळी पूड फुफ्फुसात जाऊ नये म्हणून तोंडाला मास्क हवाच. पाणी लावून घासले तर पूड उडतच नाही. कार्बन वीज वाहून नेतो, त्यामुळे बॅटरीच्या उघड्या जोडांना त्याचा स्पर्श होता कामा नये, आणि रिसीव्हरची अँटेना नळीला चिकटून समांतर ठेवू नये, कारण २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल कार्बनने अडतो. शेतात उडवणाऱ्यांनी याच कारणाने पंपांच्या विजेच्या तारांपासून दूर राहावे. तारेवर अडकलेले विमान बांबूचे असले तरी काढायला जाऊ नये, आणि कार्बनचे असेल तर त्याचा विचारही करू नये.

कार्बन मोडतो तेव्हा न सांगता मोडतो. बांबू करकरतो, तंतू सोडतो, अर्धवट तुटला तरी लोंबकळत राहतो. कार्बन नळी शेवटपर्यंत ताठ राहून एकदम फुटते आणि तिची टोके सुईसारखी हातात घुसतात. शिकाऊ माणसाच्या विमानासाठी मला हा फरक किमतीच्या फरकाइतकाच मोठा वाटतो.

जे थोडक्यात आटोपता येते

ग्लास फायबरची काडी जड असते आणि पंखासाठी हवी त्यापेक्षा जास्त वाकते. तिचा गुण असा की ती सहसा तुटत नाही, म्हणून ती शेपटीसाठी किंवा चाकांच्या दांड्यासाठी ठेवावी. स्वस्त फिशिंग रॉड बहुधा ग्लास फायबरचेच असतात, त्यामुळे त्यांना कार्बन समजून पंखात घालण्याआधी वजन करून पाहावे. अॅल्युमिनियमची नळी वजनात आणि ताठपणात चालून जाते, पण एकदा वाकली की वाकलेलीच राहते, आणि पंखाच्या आत ती वाकली आहे हे विमान एका बाजूला ओढू लागल्याशिवाय कळत नाही.

पीव्हीसी पाइपचा मोह आपल्याकडे फार. जळगाव पाइपांचे गाव असल्याने तुकडे फुकट मिळतात, आणि तक्त्यातला १८० हा आकडाही आकर्षक दिसतो. पण त्यासाठी १२० ग्रॅम मोजावे लागतात, पंख निदान २५ मिलिमीटर जाड असावा लागतो, आणि उन्हात ठेवलेला पीव्हीसी भाराखाली हळूहळू वाकत जातो. दीड किलोपेक्षा जड, मोठ्या आणि संथ विमानाशिवाय तो वापरू नये. ठिबकच्या नळ्यांचा तर प्रश्नच येत नाही. त्या वाकण्यासाठीच बनवलेल्या असतात.

टेप की कागद

टेपबद्दलचा गैरसमज दूर करणे सोपे आहे : टेप ताण सोसतो, दाब सोसत नाही. दोरीला ढकलता येत नाही, तसेच टेपचे आहे. साधा पॅकिंग टेप ताणलाही जातो. ज्यात काचेचे उभे धागे दिसतात तो फिलामेंट टेप मात्र जवळजवळ ताणला जात नाही. म्हणून हा टेप पंखाच्या खालच्या बाजूला, सर्वांत जाड भागाच्या रेषेवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग लावला तर तो खालच्या कामटीचे काम करू शकतो. वरच्या बाजूला लावलेला तोच टेप सुरकुती पडणे थोडे लांबवतो, पण थांबवत नाही. वर कामटी आणि खाली फिलामेंट टेप ही जोडी मला सगळ्यांत कमी खटपटीची आणि तरीही भरवशाची वाटते, एक मीटरच्या आतल्या विमानांना तर नक्कीच. टेप पुढच्या कडेवरूनही न्यावा. तो वाकण्याविरुद्ध नव्हे, धडकांविरुद्ध उपयोगी पडतो.

पिळाला टेप ४५ अंशांत तिरका लावला तर उपयोग होतो, मात्र दोन्ही दिशांनी आणि दोन्ही पृष्ठभागांवर. हे करताना पंख सपाट टेबलावर ठेवून करावे, कारण एका बाजूचा टेप किंचित जास्त ताणला गेला तरी पंखाला कायमचा पीळ बसतो.

पिळाचा माझ्या मते सर्वोत्तम घरगुती उपाय कागद हाच आहे. पातळ ब्राउन पेपर, फेव्हिकॉलमध्ये साधारण तेवढेच पाणी मिसळून केलेले मिश्रण आणि स्पंज एवढ्यावर काम होते. कागद ओला करून बसवला की वाळताना तो ढोलकीच्या पुडीसारखा ताणला जातो आणि थर्माकोलचा पंख हातात धरल्याबरोबर फरक जाणवतो. कागद वर आणि खाली एकाच दिवशी लावावा, नाहीतर एकच बाजू आकसून पंख केळीच्या सालीसारखा वळतो. फोमबोर्डला हा कागद आधीच असतो आणि त्याचा निम्माअधिक ताठपणा त्या कागदाचाच असतो, म्हणून वजन वाचवण्यासाठी दोन्ही बाजूंचा कागद सोलून टाकणाऱ्याने त्या जागी काहीतरी लावायचे आहे हे लक्षात ठेवावे. कागदाचा शत्रू पाणी. पावसाळ्यानंतर ओल्या गवतात उतरणाऱ्या विमानाला वरून एक हात पाण्याच्या वॉर्निशचा द्यावा किंवा पारदर्शक टेप लावावा.

काचेचे कापड आणि इपॉक्सी (दोन भाग मिसळून जमणारा गोंद) यांचा थर हा या सगळ्यांत ताकदवान उपाय आहे. पण नवशिक्याच्या हातून इपॉक्सी नेहमी जास्त लागते आणि पंख दगड होतो. वेगाची स्पर्धा करायची नसेल तर त्याची गरज नाही.

खालून टेकू

उंच पंखाच्या, म्हणजे बॉडीच्या वर पंख असलेल्या, विमानाला बॉडीच्या खालच्या कडेपासून प्रत्येक बाजूच्या पंखाच्या मध्यापर्यंत तिरका टेकू देता येतो, हे बहुतेक जण विसरतात. राइट बंधूंचे १९०३ चे विमान दोन पंखांमध्ये उभ्या काड्या आणि तारा ताणून उभे होते, आणि सेस्ना १७२ या विमानाचा पंख आजही तिरक्या टेकूवरच तोललेला असतो. फोमच्या विमानात दोन बांबूच्या काड्या हे काम करतात. मुळाशी येणारा जोर त्याने निम्म्याहून बराच कमी होतो, कारण पंखाचा मोकळा भाग टेकूच्या पलीकडचाच उरतो. काड्यांमुळे हवेचा अडथळा वाढतो, पण शिकाऊंसाठीच्या संथ ट्रेनर विमानाला त्याने काही बिघडत नाही. टेकू पंखाला जिथे लागतो तिथे प्लायवुडचा किंवा जुन्या एटीएम कार्डाचा तुकडा चिकटवावा, नाहीतर काडी फोममधून आरपार जाते. उलटे उडणाऱ्या विमानात हाच टेकू दाबाखाली येऊन वाकू शकतो, म्हणून कसरतींसाठी हा मार्ग नाही.

गोंद आणि ऊन

इथवरची तुलना कुठल्याही गावाला लागू पडेल. खान्देशात मात्र ऊन हा स्वतंत्र मुद्दा आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तापमान त्याहून बरेच वर असते. अशा उन्हात ग्लू गनचा गोंद मऊ पडतो. पाच मिनिटांत जमणारी इपॉक्सीदेखील तापमान वाढल्यावर सैल होते. सावकाश जमणारी, रात्रभर ठेवावी लागणारी इपॉक्सी तुलनेने टिकते. झटपट गोंद, म्हणजे फेव्हिक्विकच्या जातीचा, आणि पातळ द्रावकाचा वास येणारे रबरी गोंद थर्माकोल आणि डेप्रॉन खाऊन टाकतात, ते फोमला थेट लावूच नयेत. फेव्हिकॉल फोमला काही करत नाही, पण दोन फोमांच्या मध्ये हवा न मिळाल्याने तो दिवसेंदिवस ओला राहतो. कामटीच्या खाचेत, जिथे एक बाजू उघडी असते, तिथे तो चांगला वाळतो.

तापमानाचा आणखी एक परिणाम आहे. पॉलिस्टायरिन फोम ३० अंशांच्या फरकाने मीटरमागे सुमारे दोन मिलिमीटर लांबतो. कार्बन जवळजवळ लांबतच नाही आणि बांबू लांबीच्या दिशेने अगदी थोडा. एकाच बाजूला कामटी किंवा पट्टी असेल तर भर उन्हात पंखाला किंचित बाक येतो, आणि गोंद मऊ असेल तर कामटी खाचेत सरकते. वर आणि खाली सारखे साहित्य असले की हे ओढणे समतोल राहते. वर कामटी व खाली टेप या जोडीचा हा एक उणेपणा मान्य करायला हवा. एप्रिल-मेमध्ये तसेही दिवस उगवल्यापासून नऊ वाजेपर्यंतच उडवावे. त्यानंतर तापलेल्या काळ्या जमिनीवरून उठणारे झोत आणि वावटळी पंखाला जे हिसके देतात, ते वर धरलेल्या चौपट भाराच्या हिशेबात बसतीलच असे नाही.

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास शेते मोकळी असतात आणि धावपट्टीला जागा मिळते, पण कपाशीच्या शेतात पऱ्हाटी काढल्यावर उरलेली खुंटे पंखाच्या पोटात घुसतात. तिथे पंखाचे नुकसान हवेतल्या भारापेक्षा उतरताना जास्त होते, आणि कुठलीही कामटी त्यावर इलाज नाही. खालच्या पृष्ठभागावर ब्राउन पेपर आणि त्यावर टेप हाच त्यातल्या त्यात उपाय.

उडवण्याआधी तपासणी

निवड कोणतीही असो, पंख जमिनीवरच तपासता येतो. बॅटरीसह पूर्ण तयार विमान दोन्ही पंखांच्या टोकांखाली एकेक बोट घालून उचलावे. भार टोकांवर आल्यामुळे मुळाशी येणारा जोर सरळ उड्डाणातल्या जोराच्या सव्वादोन पटींहून थोडा जास्त होतो, म्हणजे ६० अंशांच्या वळणाएवढा आणि वर थोडा. आता बॉडीवर, पंखाच्या मध्याजवळ, विमानाच्या वजनाइतकीच वाळूची पिशवी ठेवून परत उचलले की चौपटीहून जास्त जोराची परीक्षा होते. या वेळी दुसऱ्या कोणाला तरी वरच्या पृष्ठभागावर तिरक्या उजेडात डोळा ठेवायला सांगावे. सुरकुतीची रेघ दिसली तर कामटी वरच्या बाजूला कमी पडते आहे. रेघ कामटी संपते तिथे दिसली, तर कामटी एकाएकी संपवली आहे; वरची आणि खालची कामटी वेगवेगळ्या ठिकाणी, टोके तिरकी छाटून संपवावी आणि निदान अर्ध्या पंखाच्या दोनतृतीयांश लांबीपर्यंत न्यावी. पंखाचे टोक दोन बोटांत धरून पिळून पाहावे, आणि एलरॉनपेक्षा पंखच जास्त फिरत असेल तर आधी कागद लावावा, कार्बन नाही.

मग कोणी काय घ्यावे

पहिलेच विमान, विस्तार एक मीटरच्या आत, फोमबोर्डचा पंख : वर एक बांबूची कामटी, खाली फिलामेंट टेप, एवढे पुरे. एक ते सव्वा मीटरचे, थर्माकोलचा जाड पंख असलेले ट्रेनर : वर-खाली बांबूच्या कामट्या आणि ब्राउन पेपर, उंच पंखाचे असेल तर टेकूही. दीड मीटरकडे जाणारे ग्लायडर असेल तर कार्बन पट्ट्या वर-खाली, आणि इथे मी बांबूचा आग्रह धरणार नाही, कारण लांब आणि निमुळत्या पंखात दोन्ही बाजू अचूक जुळवणे हाताने फार अवघड आहे. एका शीटचा सपाट पंख किंवा वेगवान उडता पंख (वेगळी शेपटी नसलेले, नुसत्या पंखाचे विमान) : उभी कार्बन पट्टी, आणि मागच्या कडेजवळ दुसरी. पंख मजबूत करताना २५० ग्रॅमच्या आतबाहेर असलेल्या छोट्या विमानाचे वजन काट्यावर पाहत राहावे, कारण ड्रोन नियम २०२१ मध्ये नॅनो, म्हणजे सर्वांत हलका, गट २५० ग्रॅमपर्यंतचाच आहे आणि दोन कामट्या व थोडा गोंद त्या रेषेपलीकडे सहज नेतात.

आणि मोटारसायकलवरून विमान नेणाऱ्यांसाठी, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांसाठी : सव्वा मीटरचा अखंड पंख पाठीमागे आडवा धरून शिरपूर-चोपडा रस्त्यावर ट्रकच्या वाऱ्यात नेणे ही पंखाची उड्डाणापेक्षा कठीण परीक्षा असते. पंख दोन भागांत करावा आणि मध्ये जोडनळी ठेवावी. ही एकच जागा अशी आहे की जिथे बांबू चालत नाही, कारण नळीत सरकणारी वस्तू गोल आणि एकसारख्या मापाची लागते, आणि सगळा ३५ किलो-सेंटिमीटरचा जोर त्या इंचभर तोंडाशी एकवटतो. तिथे ८ मिलिमीटरची कार्बन नळी वापरावी, प्रत्येक बाजूला निदान १२ सेंटिमीटर आत जाईल अशी, आणि ती ज्यात सरकते ती बाहेरची नळी वर-खालच्या कामट्यांना फिलामेंट टेपने किंवा दोऱ्याचे वेटोळे घालून इपॉक्सीने बांधून टाकावी; नुसत्या फोममध्ये रोवलेली बाहेरची नळी पहिल्याच जोरदार ओढीला आपले भोक लांबट करून घेते.